वॉल्व्हचा हार

दामिनी शेतातल्या भंगारातून दागिने घडवायची. स्पर्धेसाठी तिने केलेल्या हारात मधोमध पितळी वॉल्व्ह चमकत होता. वडिलांनी, हेमकांत आप्पांनी, तो पाहताच ओळखला. तो भंगारातला नव्हता.

"मन्ही केळी वाळी ऱ्हायनी, आनि मोटरना वॉल्व्ह तुन्हा गळामा?"

"साखळीले पक्का जोडेल शे, आप्पा. आते निंघाव नही."

मग आप्पांनी अख्खा हारच मोटरीला बसवला. केळीला पाणी सुटलं, साखळी पाइपावर झुलू लागली. हार स्पर्धेला नेता येईना, म्हणून परीक्षकच बांधावर आले आणि चिखलात उभं राहून त्यांनी पहिलं बक्षीस जाहीर केलं.

"समारंभाला मात्र हार घालूनच या."

दामिनीने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मोटरीकडे.

"मंग चारनंतर ठेवा," ते म्हणाले. "चारले लाइट जास."