माझ्या खिळ्यावरचं पदक

समुद्रात बुडणाऱ्याला वाचवलं म्हणून धाकट्याला शौर्यपदक मिळालं. बुडणारा मी होतो. आईनं ते बाहेरच्या खोलीत, माझ्या फोटोच्या खिळ्यावर टांगलं. कप्तानाच्या टोपीतला मी कपाटावर गेलो. कुणीही आलं की आई गोष्ट सांगते, आणि दर वेळी लाट वीतभर वाढते. “आणि बुडत कोण होतं?” काल नव्या शेजारणीनं विचारलं. “हा काय, चहा घेऊन येतोय तोच,” आई हसत हसत म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारीण गेल्यावर मी स्टुलावर चढून पदक उतरवलं. वळलो तर मागे धाकटा उभा. “खुशाल काढ, दादा,” तो म्हणाला. “मला ते बघवतच नाही. त्या दिवशी धक्क्यावरून आई तुझ्या नावानं टाहो फोडत होती. मी उडी मारून लाटेखाली दिसेनासा झालो, तेव्हासुद्धा तिच्या तोंडी तुझंच नाव होतं.”