तिसावा पदार्थ

मकरंदने बाजारातून तळलेले बोंबील आणून वृंदाच्या पानात वाढले. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं आणि लग्नानंतर एकवीस वर्षांनी या घरात पहिल्यांदाच मासळी आली होती. तिच्या माहेरी, कोळीवाड्यात, ती रोज असायची.

वृंदाने तुकडा तोंडात घातला. गंजका खिळा चघळावा तशी चव आली.

केमोने तिची जीभ कायमची मारून टाकली होती. आता टाळूला चिकटवलेली चकती तिला चव द्यायची, पण उपचारांआधी इस्पितळात खाऊन नोंदवलेल्या तीसच पदार्थांची. वरण-भात, थालीपीठ, अळूचं फदफदं जसंच्या तसं लागायचं. बाकी सगळं लोखंड.

नोंदणीच्या दिवशी सासूबाई घरचे डबे घेऊन शेजारी बसल्या होत्या. "एक बोंबील घालू या का?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं होतं.

"आईसमोर कशाला? नंतर बघू," मकरंद म्हणाला होता. तिसावा पदार्थ म्हणून साबुदाण्याची खिचडी गेली. ती त्याच्या आवडीची.

"कसे आहेत?" त्याने आता कौतुकाने विचारलं.

"छान." तिने तुकडा नाकाशी धरला. वास मात्र अजून यायचा, आईच्या चुलीपाशी यायचा अगदी तोच.

मकरंदला तो सहन होईना. नाकाला रुमाल लावून तो उठला आणि त्याने खिडकी उघडली.

"लावा ती," वृंदा म्हणाली. "वास तेवढाच उरलाय मला."