तंबाखूचा रकाना

श्रीमंत आणि गरीब देशांत हृदयविकार कशाकशाने होतो हे ताडून पाहायला एक फॉर्म आला होता. गावात तो आम्ही आशाताई भरत होतो. पिंपळगावात पुष्पामावशीच्या ओट्यावर बसून मी तिच्या दंडाचा पट्टा सोडला. बीपी एकशे ऐंशी निघालं. “सिगारेट ओढता का?” मी छापलेलं वाचलं. मावशी तोंडाला पदर लावून हसली. “तंबाखू?” “बिलकुल न्हाई. आपल्यात बाया तंबाखू खातेत का?” ‘नाही’पुढे खूण करणार तेवढ्यात पदर धरलेलं तिचं बोट दिसलं, काळंकुट्ट. “मंग हे काय, मावशे?” “मिश्री हाये. दात घासून राह्यले सकाळपासनं.” “अन् ती कशाची बनवती?” “कशाची म्हंजी? तंबाखू तव्यावर भाजते, कुटते...” तिनं मांडीवरच्या मिश्रीच्या डबीचं झाकण हळूच लावलं आणि डबी माझ्याकडं सरकवली. “पर बेबे, तुह्या मायनंच तर लावली मला ही सवय. आम्ही दोघी संगंच घासायचो.” माय दिवाळीत गेली. पन्नाशीही गाठली नव्हती. धुणं पिळता पिळता छाती धरून खाली बसली, ती उठलीच नाही. विडी नाही, दारू नाही, अंगावर मांस नाही. अशा बाईचं हृदय कसं बंद पडलं, हे मी डॉक्टरांना भांडून विचारलं होतं. मावशीच्या फॉर्मवर मी ‘होय’ केलं, पण पेन पुढे सरकेना. दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात, हात बसावा म्हणून, पहिला फॉर्म मी मायचाच भरला होता. घरचीच बाई, तिला काय विचारायचं? तंबाखूपुढे माझ्याच अक्षरात आहे : नाही.