पडद्यामागची आत्या

आत्यानं बेस गिटारवर अंगठा आपटला, की शेजारणीची भांडी फडताळातून उतरून फंकच्या ठेक्यावर नाचायची. तिच्याच जिवावर भाच्याचा रॉक बँड उभा राहिला आणि बघता बघता एका मोठ्या कंपनीच्या नजरेत भरला.

कंपनीचा साहेब म्हणाला, "गाणी झकास आहेत. पण आत्याबाईंनी पडद्यामागून वाजवावं. पुढे गिटार धरून एक तरुण मुलगी उभी करू."

"मग नाही जमायचं," भाचा म्हणाला.

"गप रे. तुमचं भलं होतंय, तर माझं तोंड दिसलं काय नि न दिसलं काय," आत्या म्हणाली.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. आत्यानं पडद्यामागून असा काही अंगठा चालवला, की लोक खुर्च्यांवर चढून त्या मुलीसाठी शिट्ट्या मारू लागले. मुलीनं आपली मुकी गिटार खाली ठेवली, तरातरा गेली आणि पडद्याची दोरी ओढली. चष्मा नाकावर घसरलेली आत्या सगळ्यांना दिसली.

साहेब धावत स्टेजवर आला. "करार रद्द. संपला तुमचा बँड."

"संपला ना?" आत्या म्हणाली. "मग आता तुझं ऐकायचं काही कारणच उरलं नाही. बाळा, आवाज वाढव."