ताईंची पाटी

"मजकूर मावशीनं जाण्याआधी स्वतःच लिहून ठेवलाय," ताईंची भाची म्हणाली आणि तिनं एक बंद पाकीट दुकानाच्या फळीवर ठेवलं. "तिची अट होती, पाटी तुमच्याच हातची हवी. आणि पाकीटही तुम्हीच उघडायचं."

"माझ्याच?" फोड्यानं छिन्नी खाली ठेवली. "का? बाकीचे पाथरवट संपले की काय?"

"मला काय ठाऊक? रविवारी बालवाचनालयात पाटी बसवायची आहे. ताईंची सगळी मुलं येणार आहेत. आता आजोबा झालेलीसुद्धा."

ती गेली, तसं फोड्यानं पाकीट न उघडताच खणात भिरकावलं. काय लिहिलं असणार? स्वतःचेच पोवाडे!

खरं तर दुकानाचा नियम कडक होता. गिऱ्हाइकानं मजकूर दोनदा मोठ्यानं वाचायचा, मगच दगडाला छिन्नी लागायची. "कागदावर खोडता येतं, दगडावर नाही," हे तो येईल त्याला ऐकवायचा. पण या दगडावर काय कोरायचं, ते त्याचं बेचाळीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं.

तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. शाळा सुटली की धावत वाचनालयात जायचा. ताई पोरांना गोष्टी वाचून दाखवायच्या, अडलेली गणितं सोडवून द्यायच्या. एके दिवशी तिथला काचेचा नवाकोरा पृथ्वीगोल फुटलेला सापडला. चाळीस पोरांसमोर ताईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "हाच आत होता. उद्यापासून येऊ नकोस."

त्यानं आईची शपथ घेतली, ढसाढसा रडला. पण ताईंच्या शब्दापुढे त्याचं कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोड्या झाला. बापानं "पुस्तकं तुझ्या नशिबात नाहीत" म्हणून हातात छिन्नी दिली. लग्नात सासऱ्यानंसुद्धा त्याला फोड्या म्हणूनच हाक मारली. आता बायको सोडली, तर त्याचं खरं नाव कुणाला आठवतही नव्हतं.

चार दिवस तो आतून कडी लावून कोरत बसला. पाचव्या दिवशी बायकोनं पाटी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, मेलेल्या माणसाशी कसलं वैर?"

"मेली म्हणून सुटली होय? जन्मभर सगळे तिला डोक्यावर घेऊन नाचले. आता एकदा हेही वाचू देत."

"निदान ते पाकीट तरी उघडून बघा."

"तू मध्ये पडू नकोस," तो खेकसला आणि 'फोड्या' हा शब्द त्यानं आणखी खोल कोरला. बोटाचं पेर आत जाईल इतका.

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर होते, ड्रायव्हर होते, नातवंडांना कडेवर घेतलेल्या बायका होत्या. भाचीनं पाटी भिंतीत बसवून घेतली होती, पण फोड्यानं तिच्यावरचं कापड काही काढू दिलं नव्हतं. आता त्यानंच ते ओढलं.

'ताईंनी चाळीस वर्षं मुलांची सेवा केली आणि फोड्याचा जन्म नासवला. पृथ्वीगोल त्यानं फोडला नव्हता.'

मागच्यांनी माना उंचावून वाचलं. फोड्यानं हातातलं कापड जमिनीवर फेकलं. जिरली! आता मारा म्हणावं दगड.

भाची पाटीजवळ आली. "हे... हे मावशीनं लिहिलंय?"

"मी लिहिलंय!" त्यानं खणातून उचलून आणलेलं पाकीट खिशातून काढून तिच्या हातात कोंबलं. "तिचं हे घे. मी उघडलेलंसुद्धा नाही. वाच तिचे पोवाडे, वाच सगळ्यांसमोर! म्हणजे लोकांनाच कळेल, खरं कोण आणि खोटं कोण."

भाचीनं पाकीट फाडलं. ती मोठ्यानं वाचू लागली.

"पृथ्वीगोल माझ्या हातून फुटला. सांगायची लाज वाटली, म्हणून मी एका निरपराध पोरावर आळ घेतला. पुढे त्याच्या दुकानावरून रोज गेले, पण आत जायचं धाडस झालं नाही. पाटीवर एवढंच कोरावं. माझं नाव नको. त्याचं खरं नाव मोठ्या अक्षरांत घालावं. फोड्या हा शब्द मात्र कुठेही येऊ देऊ नये."