न आलेले

या मायबापहो, जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगते.

कुंभकोणमच्या जयकुमारचं संशोधन संख्याशास्त्रातलं. औषधाच्या चाचणीत जे रुग्ण मध्येच तपासणीला यायचे थांबतात, त्यांच्या नोंदींच्या रिकाम्या जागा कशा भरायच्या? न आलेलेही आलेल्यांइतकेच बरे असणार, असं धरून त्यानं त्या भरल्या. औषध निर्धोक ठरलं, म्हणून जवळच्याच साक्कोट्टै गावातल्या आपल्या अम्मालाही, म्हणजे आईलाही, त्यानं त्याच औषधाच्या पुढच्या चाचणीत घातलं.

आज सकाळी त्यानं फोन केला. "अम्मा, तपासणीला निघालीस ना?"

 

"नाही रे जया, पहाटेपासून छातीत कळा येतायत, उठवतच नाही. असलं आजारी तोंड घेऊन डॉक्टरांपुढे कशी जाऊ? बरं वाटलं की जाईन."

जयकुमारनं अम्माकडे रुग्णवाहिका धाडली, आणि न आलेल्यांची यादी उघडून एकेकाला फोन लावू लागला.

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा अम्माबरोबर त्या सगळ्या न आलेल्यांचीही आठवण काढा.