सुभेदारांचा नेम

उजाडायच्या आत लालासाहेब चहाचा कप घेऊन ओट्यावर आला आणि रोजच्याप्रमाणे पलीकडच्या गच्चीकडे बघू लागला. गच्चीवर माकडटोपी दिसली. त्याने तोंड वाकडं केलं. म्हणजे आजही म्हातारा जिवंत होता.

म्हातारा म्हणजे त्याचा चुलता, सुभेदार जोतीराम. वयाची पंच्याहत्तरी उलटली, पण फौजेतून परत आल्यापासून सूर्यनमस्कार कधी चुकले नव्हते. मूलबाळ नाही. घरात तो आणि बायको सुलाबाई, दोघंही चणीने बारीक, काटक. घर मात्र उभं होतं लालासाहेबाच्या जागेत. लालासाहेबाच्या बापाने मरताना चार माणसांदेखत सांगितलं होतं, "जोतीराम हाय तवर त्येला हितनं उठवायचं न्हाई." जोतीरामच्या माघारी सुलाबाईचं काय, हे सांगायच्या आत बापाचा श्वास संपला.

राहिलेलं वाक्य लालासाहेबाने आपल्या सोयीने पुरं केलं होतं. चुलता गेला की तेरावं घालायचं, काकीला तासगावला तिच्या भाच्याच्या दारात सोडायचं आणि घर पाडायचं. जागा वडूजच्या रस्त्याला लागून होती. त्याच्या पोराला, राजवर्धनला, तिथं मोबाईलचं दुकान काढायचं होतं. हे त्याने काकीला तोंडावर ऐकवलंही होतं. भाचा तिला ठेवून घेणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

गंमत म्हणजे सूर्यनमस्कार त्यालाही काकांनीच शिकवले होते. शाळेच्या पटांगणात सकाळी वर्ग चालायचा. काका पोरांकडे पाठ करून उभे राहायचे. "म्होरं बघून शिकायचं न्हाई रं, डाव्याचं उजवं हुतं. आमची मंडळी म्होरं हुबी ऱ्हाऊन शिकली, अजून उलटंच करती," असं म्हणायचे आणि पोरं हसायची. शेवटी शवासन. त्यातल्या माणसाला कुणी हलवलेलं काकांना खपत नसे.

लालासाहेबाने ते केव्हाच सोडून दिलं. आता पोट सुटलं होतं, साखर वाढली होती, आणि सकाळचा नेम एवढाच उरला होता की ओट्यावर उभं राहून दुसऱ्याच्या मरणाची वाट बघायची.

यंदा मात्र चिन्हं बरी होती. काका पूर्वी कडाक्याच्या थंडीतही उघड्या अंगाने करायचे. दिवाळीपासून अंगात फौजेचा जाड कोट आला, गळ्याला मफलर आला. खाली उतरणं बंद झालं. पारावर नाहीत, देवळात नाहीत. आणि जन्मभर पहिला उजवा पाय मागे टाकणारा माणूस आता डावा टाकत होता. उजवा गुडघा कामातून गेला असणार. लालासाहेब मनात मांडे खात होता.

परवा तो मुद्दाम चौकशीला गेला. सुलाबाई परसात शेवंतीच्या वाफ्यातलं तण काढत होती. दिवाळीच्या आधी म्हातारीने एकटीने खणून केलेला वाफा. हाक ऐकून ती लगबगीने आली आणि चौकटीला हात लावून दारातच उभी राहिली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"काका कुटं हायत, काकी?"

"वर. गुडघं धरल्यात."

"डाक्टरला दावू की. गाडीतनं कराडला नेतो."

"नगं."

"मग वर जाऊन भेटून तरी येतो. रक्ताचा हाय मी त्येंच्या."

"तुला काय बघायचं हाय, ते रोज सकाळी ओट्यावरनं दिसतंय न्हवं?"

लालासाहेब ओशाळला, पण मागे हटला नाही. "आवं, थंडी लय हाय. ह्या वयात येवढा हट्ट बरा न्हवं."

"व्हय रं. पन मी हाय तवर त्येंचा नेम चुकायचा न्हाई."

बोलताना तिचा आवाज चिरकला. काकी भ्यालीय, म्हणजे दिवस जवळ आला, असं समजून तो खुशीत घरी परतला आणि जेसीबीवाल्याला सांगून ठेव म्हणून राजवर्धनला बजावलं.

आज नमस्कार नेहमीपेक्षा फारच सावकाश चालले होते. ते संपले आणि माकडटोपी कठड्याआड गेली. शवासन. लालासाहेबाचा चहा संपला. ऊन गच्चीवर आलं. टोपी काही वर येईना. कठड्यावर कावळा येऊन बसला, त्यालाही कुणी हाकललं नाही.

लालासाहेबाने डोक्याला टोपी घातली, चेहरा पाडून घेतला आणि निघाला. काकीला हाक मारली, ओ आली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. देवळात गेली असेल. नवरा वर मरून पडलाय आणि हिला पत्ताच नाही, या विचाराने त्याला क्षणभर खरोखर वाईट वाटलं. मग जिना चढता चढता त्याने राजवर्धनला फोन लावला.

"चार मानसं घिऊन ये. सुटला म्हातारा."

सतरंजीवरचं शवासन बिनचूक होतं. पाय थोडे फाकलेले, तळवे आभाळाकडे, तोंडावर मफलर. त्याने तळव्याला हात लावून पाहिला. गार. रडू काही येईना. माणसं यायच्या आत निदान तोंड बघून घ्यावं म्हणून त्याने मफलर सोडला आणि माकडटोपी वर ओढली.

आतून पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटून सतरंजीवर पडला. सुलाकाकी होती. कपाळावर कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता.

तो मागे सरकत कठड्याला टेकला. खाली परस दिसत होतं. शेवंती फुलून आली होती, आणि वरून बघताना पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं, की वाफा बरोबर माणसाच्या लांबीचा होता.